चौकटी कंसाच्या बाहेर

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला का जावं? प्रश्न रास्त आहे. मी इथे रसायनशास्त्र शिकवणार नाही. ते शिकवणारी माणसं आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये आहेत आणि त्यांतली दोन-तीन पुढच्याच रांगेत बसली आहेत, म्हणजे मी घसरलो तर सावरायला सोय आहे. मी समीक्षा करणार आहे, एका खुणेची आणि एका शब्दाची. कवितेची, कादंबरीची समीक्षा होते, मग पाठ्यपुस्तकातल्या खुणेची का होऊ नये? खूण आहे चौकटी कंस. शब्द आहे ‘असहसंयुज’. इंग्रजीत त्याला नॉन-कोव्हॅलंट म्हणतात.

बारावीला ज्यांनी केमिस्ट्री घेतली त्यांना कोऑर्डिनेशन कंपाउंडचा धडा आठवत असेल. मराठीत त्यांना जटिल संयुगं म्हणतात. मधोमध एक धातू, लोखंड, कोबाल्ट, प्लॅटिनम, कुठलाही. त्याच्या भोवती चार-सहा सोबती, त्यांना लिगंड म्हणायचं. हे सगळं चौकटी कंसात लिहायचं आणि उरलेलं कंसाबाहेर. ही व्यवस्था आली आल्फ्रेड वेर्नरकडून. 1893 साली त्याने आपला सिद्धांत मांडला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. (आपल्या तानसा धरणाचं बांधकाम त्याच्या आदल्या वर्षी, 1892 साली पूर्ण झालं. कालखंड डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो.) 1913 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

वेर्नरची किमया कशात होती ते थोडक्यात सांगतो, कारण टीका करायची तर आधी थोरवी मान्य करावी लागते. कोबाल्ट, क्लोरीन आणि अमोनिया यांची काही रंगीत मिठं तेव्हा माहीत होती. एकात कोबाल्टमागे तीन क्लोरीन आणि सहा अमोनिया, ते पिवळं. दुसऱ्यात तीन क्लोरीन पण पाचच अमोनिया, ते जांभळट. आता दोन्हीच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाका. पिवळ्यातले तिन्ही क्लोरीन लगेच पांढरा साका होऊन खाली बसतात. जांभळ्यातले दोनच बसतात, तिसरा जागचा हलत नाही. वेर्नर म्हणाला, तिसरा धातूला थेट धरून बसला आहे. तो आतला आहे, बाकीचे दोन बाहेरचे. आत आणि बाहेर ही भाषा प्रयोगातून आली, नुसत्या कल्पनेतून नव्हे. तिच्यामुळे शंभर वर्षांचा गोंधळ मिटला.

अडचण त्याच्या नंतर सुरू झाली. कंस ही लिहिण्याची सोय होती, पुढे तिचं कुंपण झालं. कंसात असलेलं ते खरं संयुग आणि बाहेरचं ते ‘काउंटर आयन’, म्हणजे विद्युतभाराचा हिशेब जुळवायला बसवलेली खोगीरभरती, असं मुलं शिकतात. कंसाच्या बाहेरचं पाणी, बाहेरचा शेजारी रेणू, बाहेरचा हायड्रोजन बंध यांच्याबद्दल धड्यात जवळपास काहीच नसतं. खुद्द वेर्नरला पहिल्या वलयाबाहेर दुसरं वलय असतं याची जाण होती. त्याच्या वारसांनी पहिलं वलय पाठ केलं आणि दुसरं ऑप्शनला टाकलं.

एक जुनं उदाहरण घेऊ. 1828 च्या सुमारास माग्नुस नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने प्लॅटिनमचं एक हिरवं मीठ केलं. त्यात दोन वेगवेगळे प्लॅटिनम आहेत. एकाभोवती चार अमोनिया, त्याचं द्रावण रंगहीन. दुसऱ्याभोवती चार क्लोरीन, त्याचं द्रावण लाल. रंगहीन आणि लाल एकत्र केले तर फार तर गुलाबी यावं ना? पण येतं हिरवं. दोन्ही रेणू चपटे आहेत, ताटलीसारखे. ते एकावर एक रचले जातात, एक अमोनियावाला, एक क्लोरीनवाला, पुन्हा अमोनियावाला. शेजारच्या दोन प्लॅटिनममधलं अंतर साधारण 3.25 अँगस्ट्रॉम उरतं. आता खरी गंमत ऐका. याच मिठाचा एक गुलाबी अवतारही आहे. घटक तेच, प्रमाण तेच, दोन्ही कंसांच्या आतला मजकूर अक्षरशः तोच. फक्त ताटल्यांची रचना निराळी, प्लॅटिनमपासून प्लॅटिनम 5 अँगस्ट्रॉमहून लांब. तिथे अपेक्षेप्रमाणे गुलाबी रंग.

म्हणजे हिरवा रंग नेमका कुठे आहे? पहिल्या कंसात नाही, दुसऱ्याही नाही. तो दोन कंसांच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेला आपल्या लेखनपद्धतीत चिन्हच नाही. समीक्षकाच्या भाषेत बोलायचं तर हा मजकूर दोन ओळींच्या मध्ये लिहिलेला आहे.

आता माळशेजकडे वळू. घाटावर जुन्नर-आंबेगावकडे बाळहिरडा गोळा करून विकतात, आपल्या बाजूच्या रानातही हिरड्याची झाडं आहेत. बाळाच्या गुटीत हिरडा उगाळतात, त्यामुळे त्याची तुरट चव तुमच्यातल्या बहुतेकांच्या जिभेने पहिल्या वर्षातच घेतलेली आहे. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा अंश गेला की ते काळं पडतं. शाई आणि काळा रंग करण्याची ही जुनी रीत. तिथे हिरड्यातल्या टॅनिनचे दोन शेजारी-शेजारी असलेले ऑक्सिजन लोखंडाला चिमट्यासारखे धरतात. हे अस्सल जटिल संयुग झालं, कंसात बसणारं. पण हाच हिरडा कातडं कमावायलाही वापरतात. तिथे धातू नाही. तिथे टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला हायड्रोजन बंधांनी आणि पाणी टाळणाऱ्या भागांच्या जवळिकीने चिकटतं. तुमच्या जिभेवरची तुरट चवही तेच करते, लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन असंच धरतं आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

एकच फळ, दोन प्रकारची नाती. पुस्तकाला विचारलं तर ते म्हणेल, पहिलं नातं बलवान, दुसरं दुर्बळ. हे ‘दुर्बळ’ नातं कच्च्या चामड्याला कुजण्यापासून वर्षानुवर्षं वाचवतं. क्रोमने कमावलेलं कातडं, जिथे धातू खरोखर प्रथिनाला धरतो, ते उष्णतेत जास्त टिकतं, हे मी नाकारत नाही. पण कोल्हापुरी चप्पल वापरलेल्या माणसाला ‘दुर्बळ’ हा शब्द पटवून द्यायला कष्ट पडतील. एक धागा दुर्बळ असतो. शेकडो धाग्यांचं काय होतं ते त्या विशेषणात मावत नाही.

इथे मी माझ्या शास्त्राकडे येतो. ‘असहसंयुज’ हा शब्द बघा. सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेणं. असहसंयुज म्हणजे ते नव्हे. मग काय? हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांची ओढ, चपट्या वलयांची एकमेकांवर रचना, पाण्याला टाळून एकत्र येणं, सगळं एकाच पोत्यात. ‘बिगरशेती’ म्हटलं की त्यात बंगला, गोदाम, पेट्रोल पंप सगळं येतं, तसं. नकारार्थी नाव वाईटच असं मी म्हणत नाही. नकारार्थी नावामागे होकारार्थी लक्षण हवं, एवढाच आग्रह आहे.

आपल्या न्याय-वैशेषिकांकडे याचं चांगलं उदाहरण आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना कारणांचे तीन प्रकार आठवतील. कापडाचं समवायी कारण म्हणजे धागे. निमित्त कारण म्हणजे विणकर, माग वगैरे. आणि मधलं, ज्याला असमवायी कारण म्हणतात, ते म्हणजे धाग्यांचा संयोग. धागे तेच ठेवून संयोग सोडवा, कापड जातं. नाव नकारार्थी आहे, पण अन्नंभट्ट तिथे थांबत नाही. हे कारण कुठे राहतं, कार्याशी त्याचा संबंध कोणता, हे तो नेमकं सांगतो आणि कारणांच्या यादीत त्याला बरोबरीची जागा देतो.

इथे एक खबरदारी. वर्गात मी हे बोललो की एखादा उत्साही विद्यार्थी हमखास म्हणायचा, म्हणजे सर, समवाय हाच कोव्हॅलंट बाँड आणि संयोग हा नॉन-कोव्हॅलंट, आपल्याकडे सगळं आधीच होतं! तसं अजिबात नाही. समवाय हा वेगळे करताच न येणाऱ्यांचा संबंध आहे, गुण आणि द्रव्य, अवयव आणि अवयवी. दोन अणूंचा कुठलाही बंध, कितीही घट्ट असो, ऊर्जा दिली की तुटतो. न्यायाच्या मोजपट्टीने रसायनातले सगळेच बंध संयोग ठरतील. अन्नंभट्टाकडून मी रसायन घेत नाही. ज्याला नकाराने ओळखलं त्यालाही पुरतं लक्षण द्यायचं, ही शिस्त घेतो.

असं लक्षण देण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या देशातूनच झाला. 2011 मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या जाहीर केली. त्या गटाचं नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अरुणन यांनी केलं, आणि गौतम देसिराजूही त्यात होते. त्या व्याख्येत एक अट अशी आहे की बंध झाल्याचा पुरावा असला पाहिजे. तर्कशास्त्राचा मास्तर लगेच म्हणेल, हा आत्माश्रय दोष झाला, बंधाच्या व्याख्येत बंध! मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटेल अशी ती ओळ आहे. पण तिच्यापुढे पुराव्यांची यादी दिलेली आहे. वर्णपटात अमुक रेषा सरकली पाहिजे, कोन सरळ रेषेकडे झुकला पाहिजे, वगैरे. धूर पाहून अग्नीचं अनुमान करावं तसं हे आहे, आणि कुठला धूर धरायचा हेही सांगितलं आहे. म्हणून मी ती व्याख्या निर्दोष मानतो.

पण याच्या उलट टोकाचा एक आजार आहे आणि त्याबद्दल बोललो नाही तर समीक्षा एकांगी होईल. तो आहे नावं ठेवण्याचा. मराठीत या शब्दप्रयोगाचे दोन्ही अर्थ घ्या. हॅलोजन बंध आला, त्याची अधिकृत व्याख्या 2013 मध्ये झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मग चाल्कोजन बंध, निक्टोजन बंध, टेट्रेल बंध. मग धातूंची पाळी. जस्त, कॅडमियम, पारा यांच्यासाठी 2020 मध्ये स्पोडियम बंध. पुढे ऑस्मे बंध, मॅटेअर बंध, वोल्फियम बंध. आवर्तसारणीच्या एकेका रकान्याचं बारसं चाललं आहे. प्रत्येक नावामागे खरी निरीक्षणं आहेत, माणसं गंभीर आहेत. माझा आक्षेप नावाच्या आधीच्या पायरीवर आहे, म्हणजे बंध आहे हे ठरवलं कसं?

बहुतेक वेळा पहिली पायरी अशी असते. स्फटिकाचं चित्र काढायचं. दोन अणूंमधलं अंतर मोजायचं. ते दोन्ही अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरलं की मध्ये ठिपक्यांची रेघ ओढायची. त्रिज्या कुठून येतात? तक्त्यातून. 1964 साली बोंडी नावाच्या संशोधकाने केलेला तक्ता अनेक दशकं प्रमाण मानला गेला. त्यात जस्ताची त्रिज्या 1.39 अँगस्ट्रॉम आहे. 2013 मध्ये बार्सिलोनाच्या आल्व्हारेझ यांनी लाखो स्फटिकांतली अंतरं तपासून नवा तक्ता दिला. त्यात जस्ताची त्रिज्या 2.39. बरोबर एक अँगस्ट्रॉम जास्त! ऑक्सिजनची दोन्हीकडे साधारण दीड. आता समजा जस्त आणि ऑक्सिजन यांच्यात 3.4 अँगस्ट्रॉम अंतर आहे. बोंडीच्या तक्त्याने बेरीज येते 2.91, म्हणजे दोघांचा संबंध नाही. आल्व्हारेझच्या तक्त्याने 3.89, म्हणजे दोघं चांगलेच जवळ आहेत, ओढा ठिपके.

अणू जागचे हलले नाहीत, बदलला तो तक्ता. ज्यांच्या जमिनीची मोजणी झाली आहे त्यांना हे नवीन नाही. जुन्या मोजणीत बांध तुमचा, नव्या मोजणीत शेजाऱ्याचा, आणि बांधावरचं आंब्याचं झाड बापडं तिथेच उभं. मोजणी करू नये असं कोणी म्हणणार नाही. पण मोजणीच्या रेघेला जमिनीचा गुण समजू नये. रेघ ओढल्यावर तिथे काही कार्य घडतं का, ती रेघ पुसली तर काय जातं, हे दाखवल्याशिवाय तिला बंधाचा मान देऊ नये. माग्नुसच्या मिठात ते दाखवता येतं, कारण अंतर वाढवलं की हिरवा रंग जातो.

ठिपक्यांना दुसरा पर्याय काय? तो पुण्यात घडला, म्हणून विशेष आपुलकीने सांगतो. पुणे विद्यापीठातले सैद्धांतिक रसायनतज्ज्ञ श्रीधर गद्रे यांनी अनेक वर्षं रेणूंच्या विद्युत विभवाचा अभ्यास केला. नंतर ते आयआयटी कानपूरलाही होते. राजेंद्र शिरसाट यांच्याबरोबरचं त्यांचं या विषयावरचं पुस्तक 2000 साली आलं. कल्पना अशी आहे. रेणूभोवतीच्या कुठल्याही बिंदूवर एक धन भार आणून ठेवायला किती काम करावं लागेल? हा आकडा प्रत्येक बिंदूसाठी काढा. तयार होतो तो एक भूप्रदेश. त्याला शिखरं आहेत, खळगे आहेत, खिंडी आहेत.

मुरबाडच्या माणसाला खिंड समजावून सांगावी लागत नाही. नाणेघाटात उभे राहा. डाव्या-उजव्या बाजूला डोंगर चढतो, पुढे कोकण उतरतं, मागे जुन्नरचा उतार. एका दिशेने तो बिंदू सगळ्यात खालचा, दुसऱ्या दिशेने सगळ्यात वरचा. गणितात याला खोगीर-बिंदू म्हणतात, आपण घाट म्हणतो. गद्रे आणि त्यांचे पुण्यातलेच सहकारी राजीव पाठक यांनी 1990 मध्ये एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. या भूप्रदेशात शिखरं फक्त अणुकेंद्रांवरच असतात, मध्येच कुठे फुकटचं शिखर नसतं. खळगे आणि खिंडी मात्र अणूंच्या अधल्यामधल्या जागेत असू शकतात. खोल खळगा म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनची श्रीमंती आहे. पाहुणा रेणू कुठल्या बाजूने येईल आणि कुठे टेकेल, याचा अंदाज नकाशावरूनच बांधता येतो. या अणूचं त्या अणूशी नातं असं आधी ठरवून घ्यावं लागत नाही.

समीक्षक म्हणून मला ही पद्धत ठिपक्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. ठिपक्यांची रेघ फक्त दोघांबद्दल बोलते, नकाशा सगळ्या परिसराबद्दल. पण नकाशालाही मर्यादा आहे. तो पाहुणा यायच्या आधीचा आहे, आणि पाहुणा आला की घरही थोडं बदलतं. शिवाय सगळीच ओढ या नकाशात दिसत नाही. सोन्याचे दोन धनभारित अणू एकमेकांना दूर ढकलतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सोन्याच्या अनेक संयुगांत ते 3 अँगस्ट्रॉमच्या आसपास येऊन बसतात आणि ती ओढ हायड्रोजन बंधाच्या तोडीची असते. साध्या विद्युत नकाशावरून हे कोणी सांगू शकलं नसतं. सोन्याला सोनं ओढतं हे लग्नसराईत आपल्याला माहीत असतंच, पण ते निराळं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं त्याकडे येतो. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात एक जटिल संयुग आहे. हिमोग्लोबिनमधलं लोखंड. त्याला चार नायट्रोजन चपट्या वलयातले, पाचवा खालून हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लाचा, आणि सहावी जागा ऑक्सिजनसाठी. कंस इथे पूर्ण होतो. पण नुसतं हे वलय प्रथिनाबाहेर काढून ठेवलं तर ते ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला सुमारे 25,000 पट घट्ट धरतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये म्हणतात तो हाच वायू. प्रथिनाच्या आत मात्र हे प्रमाण 200 च्या आसपास उतरतं. आपण जिवंत आहोत ते या उतरण्यामुळे, कारण शरीर स्वतःही थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार करत असतं.

हे कोण करतं? वरच्या बाजूला आणखी एक हिस्टिडिन आहे. तो लोखंडाला धरलेला नाही, म्हणजे कंसाच्या बाहेर आहे. जुनी पाठ्यपुस्तकं सांगत, की तो कार्बन मोनॉक्साइडच्या वाटेत उभा राहतो आणि त्याला वाकायला लावतो. दाराशी दांडगा उभा केल्यासारखं हे चित्र सोपं होतं म्हणून फार टिकलं. पण 1981 मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने मायोग्लोबिनवर केलेल्या अभ्यासात असाच हिस्टिडिन आत आलेल्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरताना दिसला. 1990 च्या दशकात तो हिस्टिडिन बदलून दुसरी अमिनो आम्लं बसवून पाहिली, तेव्हा स्पष्ट झालं की मुख्य काम अडवणुकीचं नसून स्वागताचं आहे. ऑक्सिजनला जास्त धरलं जातं म्हणून दुसऱ्याची सरशी कमी होते. काही पुस्तकांत तो दांडगा अजून दारात उभा आहे, ते सोडा.

आकडा बघा. नेहमीच्या तापमानाला 5.7 किलोज्यूल प्रति मोल एवढा ऊर्जेचा फरक पडला की प्रमाण दहापटीने बदलतं. शंभरपटीला साडेअकरा पुरतात. दोन कार्बनमधला साधा बंध साधारण 350 चा असतो. म्हणजे बलवान बंधाच्या तीसाव्या हिश्शाएवढ्या फरकाने श्वासाचा हिशेब बदलतो. दुर्बळ!

आणि आता सिकल सेल. महाराष्ट्रात विदर्भ, नंदुरबार यांचं नाव आधी येतं, पण ठाणे-पालघरचे आदिवासी तालुकेही त्या नकाशावर आहेत. जुलै 2023 मध्ये केंद्राची निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचं लक्ष्य 2047 आहे. हिमोग्लोबिनमध्ये एकूण 574 अमिनो आम्लं असतात. सिकलमध्ये त्यांतली फक्त दोन बदललेली असतात, दोन बीटा साखळ्यांतली सहाव्या जागेची. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ही जागा लोखंडापासून लांब, प्रथिनाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. लोखंडाचा कंस जसाच्या तसा. तुम्ही फक्त कंस वाचत असाल तर हा रुग्ण निरोगी आहे.

पण लोखंडाने ऑक्सिजन सोडला की ते वलयातून किंचित, साधारण 0.4 अँगस्ट्रॉम, बाहेर सरकतं. त्या ओढीने सगळ्या प्रथिनाची ठेवण बदलते आणि पृष्ठभागावर एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या हिमोग्लोबिनचा तो व्हॅलिन त्या खाचेत बसतो. त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर पुढचा. चौदा पदरांचा दोर वळला जातो आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. या वळणात एकही सहसंयुज बंध नाही. ऑक्सिजन परत मिळाला की दोर सुटतो, आणि सुटतो म्हणूनच तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वळला जातो. लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं. मी जरा दुरुस्त करून म्हणेन, रेणूंच्या शेजाराचा आजार.

शिबिरात पहिली तपासणी करतात तिला सॉल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. नळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात. द्रावणातलं डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. नळीच्या मागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. तो गढूळपणा म्हणजे मी आत्तापर्यंत ज्याच्याबद्दल बोलतो आहे ती असहसंयुज ओढ, उघड्या डोळ्यांना दिसणारी. या तपासणीवरून माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे मात्र कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. पाड्यावर ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ एवढंच कानावर पडतं आणि मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, तेव्हा त्या अर्धवट वाक्याची समीक्षा कोणीतरी करायला हवी असते.

रुग्णाला डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया देतात. त्याने गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि ते दोर वळण्यात सामील होत नाही. आणि सांगतात, पाणी भरपूर प्या. हा सल्ला आपल्याला आजीच्या सल्ल्यासारखा वाटतो, पण त्यामागचं गणित भयंकर आहे. ऑक्सिजन गेल्यापासून दोर वळायला सुरुवात होईपर्यंत थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात पेशी बारीक वाहिनीतून निसटली तर वाचली. हा अवधी पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि तोही साध्या प्रमाणात नाही, तिसाव्या घाताच्या आसपास. तीस धरून हिशेब करा. शरीरातलं पाणी कमी होऊन पेशीतला दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला, तर मिळणारा अवधी चौथ्या हिश्शावर येतो.

तानसा, भातसा, वैतरणा. मुंबईचं बहुतेक पाणी आपल्या या पट्ट्यातून जातं. आणि एप्रिल-मे महिन्यांत शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो, बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरवर चालतात, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तिथल्या सिकलच्या मुलाच्या केसपेपरवर लिहिलेलं असतं, पाणी भरपूर प्या.

इथे थांबतो. पुढच्या रांगेतून मघापासून हात वर आहे. बोला, सर.